नागपूरहून हिमाचलात गाईड घेऊन ट्राउट मासेमारीला जायचं आहे, कधी आणि कसं जावं?

तीर्थन खोऱ्यात जा, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या अगदी कुशीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीसाठी बंदी असते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ. म्हणून मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर धरा. आपल्याकडे मे तापत असतो तेव्हा तिथलं पाणी बर्फाचं असतं. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे मनालीच्या बसने औट, तिथून बंजार.

मत्स्य विभागाचं लायसन्स लागतंच. गाईड काढून देतो, पण ते हातात आल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

गाईड स्थानिकच घ्या, त्यात काटकसर नको. आपली मरळ तलावातल्या गवतात दबा धरते. ट्राउट मात्र वाहत्या पाण्यात, मोठ्या दगडाआड प्रवाहाकडे तोंड करून उभी असते. गाईड तो दगड दाखवतो. स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणारं चकचकीत धातूचं आमिष, त्याच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि प्रवाहासोबत खाली येऊ द्यायचा. सावली पाण्यावर पडली की मासा गेलाच. सोडणार असाल तर टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरा, मासा ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडूनही तो जगेलच असं नाही. शेवाळलेल्या गोट्यांवर घट्ट पकडीचे बूटच हवेत.