वाचकांचे प्रश्न : लाटांमध्ये वॉटरप्रूफ मेटल डिटेक्टर

प्रश्न : मी अलीकडेच एक वॉटरप्रूफ मेटल डिटेक्टर घेतला. कोरड्या वाळूत तो उत्तम चालतो. परंतु लाटांच्या पाण्यात उतरलो की खाली काहीही नसताना सतत वाजत राहतो. यंत्र सदोष आहे की माझी काही चूक होत आहे?

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून यंत्र बिघडलेले असावे असे वाटत नाही. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा अर्थ ठरावीक खोलीपर्यंत आत पाणी शिरत नाही, एवढाच असतो. ते यंत्र खाऱ्या पाण्यात शांतपणे चालेल अशी हमी त्या शब्दात नसते. दुर्दैवाने खरेदी करताना या दोन गोष्टी एकच समजल्या जातात आणि निराशेचे मूळ बहुधा तेथेच असते.

डिटेक्टरची कॉइल (दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती) सतत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्या क्षेत्रामुळे जवळच्या धातूत विजेचे लहान भोवरी प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचाच प्रतिसाद आपल्याला आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असल्यामुळे ते पाणीही वीजवाहक असते, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने कॉइलभोवती एक मोठा, मंद धातूच पसरलेला असतो. त्यातच लाट येते आणि ओसरते, पाण्याची उंची क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे हा प्रतिसाद स्थिरही राहत नाही. काळी, लोहयुक्त वाळू असेल तर अडचण आणखी वाढते.

आपले यंत्र एकाच वारंवारतेवर चालणारे असेल, तर प्रथम संवेदनशीलता आवाज थांबेपर्यंत कमी करावी. शोधाची खोली थोडी घटेल. पण शांत यंत्राने वीतभर खोल नीट ऐकू येणे हे गोंगाटात हातभर खोल शोधण्यापेक्षा केव्हाही चांगले. ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वगळण्यासाठी यंत्र जुळवून घेणे) कोरड्या वाळूवर न करता जेथे शोधायचे आहे तेथील ओल्या वाळूवरच करावा आणि ‘बीच’ मोड असल्यास तोच निवडावा. कॉइल तळाशी समांतर आणि सारख्या उंचीवर ठेवून सावकाश फिरवावी. ती पाण्याच्या आत-बाहेर करणे टाळावे. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळलेली आहे ना, हेही पाहावे, कारण लाटेबरोबर हलणारी सैल केबल स्वतःच खोटे संकेत देते.

एवढे करूनही त्रास राहिला, तर ती त्या तंत्राची मर्यादा समजावी. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे क्षाराचा आणि धातूचा प्रतिसाद तुलना करून ओळखतात आणि क्षाराचा भाग वजा करतात. पल्स इंडक्शन पद्धतीची यंत्रे वेगळ्या मार्गाने जातात : विजेचा छोटा झटका देऊन ती क्षणभर थांबतात, तेवढ्यात पाण्यातले प्रवाह विरून जातात आणि धातूतले तेवढे उरतात. ही यंत्रे काळ्या वाळूतही खोलवर शोधतात. मात्र लोखंडी खिळा आणि सोन्याची अंगठी यांतला फरक ती फारसा सांगत नाहीत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक संकेत खणून पाहावा लागतो. लाटांमध्येच नियमित शोध घ्यायचा असेल तर मी अनेक वारंवारतांचे यंत्र सुचवीन.

नको असलेले धातू गाळण्याची सोय जपून वापरावी. पातळ सोन्याच्या अंगठीचा संकेत ॲल्युमिनियमच्या चांदीसारख्या कागदाच्या आसपासच येतो. त्यामुळे कचरा टाळण्यासाठी संकेतांचा तो पट्टा बंद केला की अंगठीही ऐकू येत नाही.

प्रश्न : शोधासाठी पाण्यात केव्हा आणि कोठे उतरावे?

उत्तर : ओहोटीची वेळ पाहून, ती पूर्ण होण्याच्या सुमारे दोन तास आधी उतरावे आणि मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी सर्वाधिक मागे जाते. सोने वाळूपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे ते हळूहळू खाली जाऊन शिंपल्यांच्या किंवा चिकणमातीच्या कठीण थरावर थांबते. म्हणून वादळानंतर वाळू वाहून गेलेले भाग आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या खोलगट चऱ्या अवश्य पाहाव्यात. लांब दांड्याचे, छिद्रांचे स्टीलचे खोरे नसेल तर संकेत मिळालेली वस्तूही लाटेत हातातून निसटते.

सुरक्षिततेविषयी मी आग्रहाने सांगतो : एकटे जाऊ नये, गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात घाई करू नये आणि लाटेकडे पाठ करू नये. हेडफोनमुळे मागचा आवाज ऐकू येत नाही, हे ध्यानात असावे. प्रवाह आत खेचू लागला तर त्याच्याशी झुंज न देता किनाऱ्याला समांतर पोहून त्याच्या बाहेर पडावे आणि यंत्राचा मोह सोडावा.

प्रश्न : वायरलेस हेडफोन चालतील का, आणि यंत्राची निगा कशी ठेवावी?

उत्तर : वायरलेस संकेत खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत, म्हणून यंत्राचा मुख्य भाग बुडणार असेल तर वॉटरप्रूफ, तारेचे हेडफोनच घ्यावेत. उन्हात तापलेले यंत्र एकदम थंड पाण्यात बुडवू नये, कारण आतली हवा आकसते आणि रबरी सीलमधून पाणी आत ओढले जाऊ शकते. परत आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने नीट धुवावे, सीलला वाळूचा कण चिकटलेला नाही ना ते पाहावे आणि यंत्र पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरीचे झाकण उघडू नये.