इतर संकेतस्थळांवरून आलेल्या दुव्यांमुळे (लिंक्समुळे) संकेतस्थळाचा गूगलवरील शोधक्रम खरोखर सुधारतो का?

सुधारतो, परंतु दुव्यांच्या निव्वळ संख्येमुळे नव्हे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये मांडलेल्या, पानांचे महत्त्व गुणांनी मोजणाऱ्या पेजरँक पद्धतीत प्रत्येक दुवा हे एक मत मानले जाते. मात्र मत देणाऱ्या पानाचे गुण त्यावरील सर्व दुव्यांमध्ये वाटले जात असल्याने, शंभर दुव्यांची जंत्री असलेल्या पानापेक्षा तितक्याच गुणांच्या, पण चारच दुवे देणाऱ्या पानाकडून पंचवीस पट वाटा मिळतो. आज गूगल इतरही अनेक निकष लावते. दुवे विकत घेण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण गूगलने २०१२ मध्ये शोधपद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर असे दुवे घेणारी कित्येक संकेतस्थळे निकालांत पार तळाला गेली.