लाल फळांचे वांगे

प्रश्न : पिकल्यावर टोमॅटोसारखे लालभडक दिसणारे वांगे कोणते, आणि ते खाण्याजोगे असते का?

उत्तर : आपण वर्णन केलेले फळ बहुधा ‘सोलॅनम इथिओपिकम’ या प्रजातीचे असावे. नाव इथिओपियाचे असले, तरी हे पीक उष्णकटिबंधीय आफ्रिकेत दूरवर पसरलेले असून, ‘सोलॅनम अँग्विवी’ या रानटी झुडपापासून ते तेथेच माणसाळले. नेहमीच्या वांग्याचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. याची लाली मात्र टोमॅटोप्रमाणेच कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची असते.

फळ खाण्याजोगे आहे. परंतु पिकल्यावर बहुतेक वाणांचा कडवटपणा वाढत असल्याने ते लाल होण्यापूर्वीच, हिरवे किंवा पांढरट असताना, तोडून शिजवतात. गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेतून ब्राझीलला पोहोचलेले याच प्रजातीचे ‘जिलो’ वांगे तेथे असेच कोवळे, तळून वा परतून खातात, आणि तो सौम्य कडूपणाच खवय्यांना प्रिय असतो. दक्षिण इटलीतील रोतोंदा येथे मात्र पिकलेली लाल वांगी तेलात मुरवतात. या प्रजातीच्या वाणांचे गट पाडले जातात; त्यांपैकी युगांडात ‘नाकाती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘शुम’ गटाची पानेच भाजी म्हणून शिजवली जातात. काटेरी ‘ॲक्युलिएटम’ गट शोभेसाठी, तसेच कलमाचा खुंट म्हणून लावतात.