गोल बुरूज, घुमट, फुगलेली भिंत: जुन्या वास्तूला स्कॅफोल्डिंग कुठलं लावावं?

तुम्ही विचारलंय की जुन्या दगडी वास्तूचं काम आहे, एका कोपऱ्याला गोल बुरूज, मध्ये घुमट, एक भिंत बाहेर फुगलेली, आणि स्कॅफोल्डिंगवाला म्हणतोय सगळीकडे रिंगलॉकच (उभ्या पाईपवरच्या चकत्यांत ठरलेल्या लांबीचे आडवे पाईप अडकवायची तयार सिस्टिम) घ्या, पटकन होतं. पटकन होतं हे खरंय, पण "सगळीकडे" हा शब्द मला खटकतो.

आधी सिस्टिम बाजूला ठेवा आणि परांची टेकणार कशावर आणि धरणार कशाला ते बघा. नव्या बिल्डिंगला आपण दर काही फुटांवर भिंतीत अँकर (परांची धरून ठेवणारा बोल्ट) मारून मोकळे होतो, इथे तसं चालत नाही. जुन्या जाड भिंतींना बऱ्याचदा बाहेरून घडीव दगडाचा थर असतो आणि पोटात नुसता चुना आणि डबर. एका कामावर आम्ही अँकर ओढून टेस्ट केली, मस्त घट्ट बसलाय असं वाटत होतं, आणि जॅक जरा फिरवला तर अख्खा अँकर मूठभर भुगा घेऊन हातात आला. तेव्हापासून टेस्टशिवाय एकही टाय, म्हणजे परांची भिंतीला बांधणारा जोड, नाही. अँकर मारावाच लागला तर दगडात नाही, दोन दगडांमधल्या दर्जेत, म्हणजे नंतर चुन्याने भरून टाकता येतो. त्याहून बरं म्हणजे खिडकीतून आरपार पाईप घेऊन आतून आडवा पाईप लावायचा, भिंतीला भोकच नको. तुमच्या फुगलेल्या भिंतीला तर काहीच बांधू नका, तिथे परांची स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे: पाया रुंद, तिरके टेकू आणि खाली वजन. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या १९८४-८६ च्या दुरुस्तीतसुद्धा बाहेरची ॲल्युमिनियमची परांची अशीच वेगळी उभी केली होती.

आता सिस्टिम. सपाट, सरळ भिंतींना रिंगलॉक किंवा कपलॉक (तशीच, पण चकतीऐवजी कपात पाईप अडकवायची सिस्टिम) बिनधास्त घ्या. रिंगलॉकच्या चकतीला आठ भोकं असतात, चार काटकोनाची आणि चार जरा मोठी जिथे आडवा पाईप थोडा तिरका बसतो, म्हणून गोलाईलाही जमतं. पण पाईपची लांबी ठरलेली असते, त्यामुळे गोलाऐवजी बहुकोन होतो. तुमचा बुरूज ८ मीटर व्यासाचा धरला आणि आतल्या बाजूला २.५ मीटरचे पाईप लावले तर कोपऱ्यात भिंतीपासूनचं अंतर मधल्यापेक्षा जवळजवळ १९ सेंटीमीटर जास्त पडतं. १.५ मीटरचे घेतले तर तेच ७ सेंटीमीटर. १९ सेंटीमीटरमधून हातोडा तर जातोच, पण गवंडी वाकून काम करतो तेव्हा पायही जातो. म्हणून बुरुजाला छोटे बे (दोन उभ्या पाईपांमधलं अंतर) घ्या आणि उरलेली फट ब्रॅकेटवर फळी टाकून बंद करा.

घुमट, कंगोरे, छज्जाखालची नक्षी, जिथे दर फुटाला माप बदलतं तिथे साधा ४८.३ मिमीचा पाईप आणि क्लॅम्प. वेळ खातो, माणूस अनुभवी लागतो, पण पाहिजे तिथे पाहिजे तो जोड मिळतो. एकच लक्षात ठेवा, स्विव्हल क्लॅम्प (कुठल्याही कोनात फिरणारा) फक्त तिरक्या ब्रेसिंगला, फळ्यांचं वजन येणाऱ्या आडव्याला काटकोनात धरणारा राईट अँगल क्लॅम्पच. घुमटाच्या आतून काम असेल तर पिंजऱ्यासारखी परांची जमिनीपासून उठवायची आणि त्याआधी खाली तळघर किंवा कमान आहे का ते बघायचं, उभ्या पाईपखाली नुसती बेस प्लेट ठेवली की सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं, जाड फळ्या पसरून टाका.

आणि हो, कप्प्यांची, म्हणजे फळ्यांच्या दोन लेव्हलमधली, उंची सरसकट २ मीटर लावू नका. कंगोरा नेमका फळीच्या लेव्हलला आला तर कारागीर पोटावर झोपून काम करतो (मी बघितलंय, आणि त्या दिवशीचं काम नंतर परत करावं लागलं). आधी कामाच्या जागा भिंतीच्या ड्रॉइंगवर मार्क करा, त्याच्यावरून फळ्यांची लेव्हल ठरवा. दगड उचलून ठेवायचे असतील तर वजनही सांगा, दर चौरस मीटरला २०० किलोची परांची गिलावा-सफाईला ठीक असते, दगडांना नाही.

पाईप गॅल्वनाइज्ड घ्या आणि भिंतीकडच्या टोकांना प्लास्टिकची टोपी. एका पावसात गंजाचा ओघळ दगडावर उतरला की तो काढणं हे वेगळंच रिस्टोरेशन होऊन बसतं. चुन्याला सावली म्हणून कापड लावणार असाल तर ते डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगा, कापड लावलं की वाऱ्याचा जोर कितीतरी वाढतो आणि त्यावर टाय किती लागतील ते बदलतं. जो डिझाइन करतोय त्याला फोटो पाठवून भागवू नका, स्वतः येऊन ओळंबा लावून भिंत किती कलली आहे ते मोजायला लावा.