लिहिता येतं, मग वाचता का येत नाही?

प्रश्न : वडील 67 वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. बोलणं स्वच्छ आहे, हात-पायही चालतात. पण पेपर वाचता येत नाही. स्वतः लिहिलेली चिठ्ठीसुद्धा थोड्या वेळाने वाचता येत नाही. चष्मा बदलून पाहिला, फरक नाही. भावाला वाटतं, ते नाटक करतात.

भावाला आधी हे वाचायला द्या. वडील नाटक करत नाहीत.

समोरच्या दृश्याची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या गोलार्धात पोहोचते, डावी बाजू उजव्या गोलार्धात. पण अक्षरांचा मिळून शब्द ओळखण्याचं काम बहुतेकांमध्ये डाव्या गोलार्धाच्या मागच्या, खालच्या बाजूचा एक छोटा भाग करतो. उजव्या गोलार्धात पोहोचलेली अक्षरं दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलावरून, म्हणजे कॉर्पस कॅलोसमवरून, त्या भागाकडे जातात. डाव्या गोलार्धातला दृष्टीचा भाग आणि पुलाचं मागचं टोक दोन्ही निकामी झाले, की अक्षरं दिसतात, पण पलीकडे पोहोचत नाहीत. लिहिण्याची वाट वेगळी असते. ती शाबूत राहू शकते.

पॅरिसमध्ये ज्यूल देजेरीन या डॉक्टरांनी 1892 मध्ये हुबेहूब असाच रुग्ण नोंदवला. त्या गृहस्थांना लिहिता यायचं, आकडे वाचता यायचे, हिशेब जमायचा, फक्त शब्द वाचता यायचे नाहीत. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा बिघाड नेमका याच जागी सापडला. अक्षराच्या वळणावरून हात फिरवला, की मात्र ते अक्षर त्यांना ओळखता यायचं! तुम्हीही हे करून पाहा : वडिलांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर गिरवा. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे याचा रीतसर सराव करून घेतात. अशा रुग्णांची बरेचदा उजवीकडची नजरही गेलेली असते, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. ती होईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. उजवीकडून येणारी दुचाकी त्यांना दिसणारच नाही.

प्रश्न : म्हणजे उजवा गोलार्ध निरक्षरच म्हणायचा का?

नाही. अपस्माराच्या काही रुग्णांचा हा पूल शस्त्रक्रियेने कापावा लागला. रॉजर स्पेरी आणि मायकल गॅझॅनिगा या मेंदूशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला (स्पेरींना 1981 मध्ये नोबेल मिळालं). एका प्रयोगात इंग्रजी ‘हार्ट’ (HEART) हा शब्द क्षणभर दाखवला, पहिली दोन अक्षरं नजरेच्या डावीकडे, उरलेली तीन उजवीकडे. काय दिसलं विचारल्यावर रुग्ण म्हणाला, ‘आर्ट’ (ART). डाव्या हाताने कार्ड दाखवायला सांगितलं, तर बोट ‘ही’ (HE) या शब्दावर गेलं. उजव्या गोलार्धाने शब्द वाचला होता. त्याला तो उच्चारता आला नाही, इतकंच. हा प्रयोग मला आजही थक्क करतो.

प्रश्न : मुलगी डावखुरी आहे. तिचं वाचन उजव्या गोलार्धात चालतं का?

बहुधा नाही. डावखुऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के लोकांची भाषा डाव्याच गोलार्धात असते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास आहे. तिचा हात बदलण्याचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी पस्तिशीच्या आहेत, कधी शाळेत गेल्या नाहीत. बाराखडी शिकायची म्हणतात. आता मेंदू वळेल का?

वळेल. लखनौजवळच्या गावांतल्या तिशीच्या आसपासच्या निरक्षर लोकांना, त्यातल्या बहुतेक स्त्रियाच, सहा महिने देवनागरी शिकवली आणि शिकण्याआधी व नंतर मेंदूची छायाचित्रं घेतली. 2017 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दृष्टीच्या भागांचा मेंदूच्या खोलवरच्या, जुन्या भागांशी असलेला समन्वय तेवढ्यात बदललेला दिसला. मावशींना एकदम पुस्तक देऊ नका. आधी त्यांचं स्वतःचं नाव, मग मुलांची नावं, मग बसची पाटी. अक्षर बोलून गिरवायला लावा, म्हणजे आकार आणि आवाज एकत्र बसतात. जोडाक्षरांना वेळ लागेल, तो लागू द्या.