हेलसिंकी ते तालिन, समुद्राखालून: वाचकांचे प्रश्न

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि एस्टोनियाची राजधानी तालिन समुद्राखालून रेल्वेने जोडायची कल्पना बरीच वर्षं चर्चेत आहे. त्याबद्दल आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

मधला समुद्र 80 किलोमीटरचा, मग बोगदा सुमारे 100 किलोमीटरचा कशाला?

रेल्वेला तीव्र चढउतार झेपत नाही. समुद्रतळाखाली पोचायचं तर किनाऱ्याच्या बऱ्याच आधीपासून उतरायला लागावं लागतं. शिवाय दोन्ही टोकं शहरांखालून जातात.

फिनलंडचा खडक टणक आहे, म्हणजे खोदकाम सोपं ना?

फिनलंडच्या बाजूला, हो. तिथला ग्रॅनाइट सुरुंगाने फोडला तरी सहसा स्वतःच्या बळावर उभा राहतो. हेलसिंकीत पोहण्याचा तलावसुद्धा खडकाच्या पोटात आहे.

पण दक्षिणेकडे जावं तसा हाच खडक खोल खोल जातो. तालिनपाशी तो जमिनीखाली शंभराहून जास्त मीटरवर आहे आणि वर वालुकाश्म अन् चिकणमातीचे थर आहेत. बोगद्याला वर यायचं तर ते भेदूनच यावं लागेल. त्या वालुकाश्मात पाणी आहे आणि उत्तर एस्टोनियात तेच पिण्यासाठी उपसतात. म्हणजे पाणी बोगद्यात शिरता कामा नये आणि खोदकामामुळे ते खराबही होता कामा नये. टणक खडक आणि मऊ थर जिथे भेटतात, तिथला खडकाचा माथाही झिजून ठिसूळ झालेला असतो. पहिला पैसा या पट्ट्यात खडक तपासायला पाडायच्या बोअरवर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंड-फ्रान्स बोगद्यात चॉक मार्लचा (चिकणमाती मिसळलेल्या मऊ चुनखडकाचा) एकच थर शक्यतो धरून खोदलं आणि दोन रेल्वे-बोगद्यांच्या मधला छोटा सेवा-बोगदा पुढे ठेवला, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळायचं.

रूळ कोणते टाकणार?

फिनलंडचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1524 मिलिमीटर, एस्टोनियाचं 1520. मात्र पोलंडकडून तालिनला येणारा रेल बाल्टिका हा नवा रेल्वेमार्ग 1435 चा आहे. बोगद्यात 1435 घेतलं तर युरोपातून थेट गाडी हेलसिंकीला येते, पण फिनलंडच्या बाकीच्या मार्गांवर चढत नाही. मनमाडला मीटरगेजचा माल ब्रॉडगेजवर चढवताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातला खोळंबा सांगायला नको. तरीही मी 1435 च निवडेन. नाहीतर बोगदा फक्त दोन शहरांपुरता उरेल.

खासगी पैशातून होईल का?

2018 च्या अभ्यासात खर्चाचा अंदाज 13 ते 20 अब्ज युरो होता. इंग्लंड-फ्रान्स बोगदा खासगी पैशातून झाला, खर्च अंदाजाच्या 80 टक्के वर गेला आणि लहान भागधारक होरपळले. सरकारांनी भार उचलल्याशिवाय हे काम उभं राहणार नाही. 2021 मध्ये दोन्ही देशांनी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या, पण सीमा, कायदा, पोलीस, बचावकार्य हे सगळं ठरवणारा तह वेगळा लागतो. इंग्लंड-फ्रान्सने तो 1986 मध्ये केला, खोदायच्या आधी.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे दोन्ही रूळ ठाणे खाडीखाली एकाच बोगद्यात आहेत. इथेही तसंच चालेल?

खाडीखालचा टप्पा 7 किलोमीटरचा आहे. इथे बाहेर पडायचा रस्ता कित्येक पटींनी लांब, त्यामुळे वेगळा आसरा हवाच. इंग्लंड-फ्रान्स बोगद्यात दर 375 मीटरवर सेवा-बोगद्यात जायला दार आहे आणि धूर आत येऊ नये म्हणून तिथे हवेचा दाब जास्त ठेवतात. नोव्हेंबर 1996 मध्ये ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला आग लागली, तेव्हा गाडीतले सगळे जण याच सेवा-बोगद्यात आले आणि वाचले.