रक्तदाबाची गोळी आणि हाडांतील कॅल्शियमची दारे

प्रश्न : मी दोन वर्षांपासून रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपीन घेते. या गोळीला ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ म्हणतात, असे कळले. हाडांना मिळणारे कॅल्शियमही ती अडवत असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आहारातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात उतरते आणि तेथून हाडांत साठते, त्या व्यवहारात ही गोळी आड येत नाही. ती मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींवरील ‘एल’ प्रकारच्या वाहिन्या (चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातील कॅल्शियमची दारे) बंद करते. तरीही आपली शंका अगदीच निराधार नाही, कारण हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींवरही याच जातीच्या वाहिन्या असतात.

मात्र तेथे कॅल्शियम विटांसारखे रचले जात नाही, तर निरोप म्हणून आत शिरते. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असल्याने दार क्षणभर उघडले तरी पुरते. चालताना हाडावर भार पडतो, त्यातील सूक्ष्म पोकळ्यांमधला द्रव हलतो, पेशीच्या आवरणावर ताण येतो आणि काही सेकंदांतच आतले कॅल्शियम वाढून हाड घडवण्याच्या कामाची सूचना पोहोचते.

पण आवरण तेलासारखे प्रवाही असते. त्यात दार नुसते तरंगत राहिले, तर पेशीच्या सांगाड्यावरील ताणाशी त्याचा सांधा कसा जुळावा? येथे दार जागी धरून ठेवणारी प्रथिने उपयोगी पडतात. ऑस्टिओब्लास्टमध्ये हे काम ‘अह्नाक’ नावाचे अवाढव्य प्रथिन करते (हिब्रू भाषेतील या नावाचा अर्थही ‘राक्षस’ असाच आहे). वाहिनीच्या बीटा उपघटकाला आणि पेशीच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंना ते एकत्र धरते, जसे दावे गुराला खुंट्याशी जोडते. त्यामुळे वाहिनी आपल्या जागी राहते आणि सांगाड्याशी तिचे नाते टिकते. हे दावे आवरणाच्या आतल्या बाजूचे आहे, हे लक्षात घ्यावे. बाहेरच्या बाजूला वाहिनीचा अल्फा-२-डेल्टा हा उपघटक असतो.

उंदरांवरील प्रयोगांत एल वाहिन्या औषधाने रोखल्यावर भारामुळे होणारी हाडांची वाढ मंदावली, हे खरे. परंतु ते प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. त्यावरून गोळी परस्पर बंद करणे घातक ठरेल. रजोनिवृत्ती झाली असल्यास हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, हे मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य विचारावे.